खडू, रेडिओ, पडदा आणि आपले शिक्षक

संपादक मंडळाने लेख मागताना सांगितले, "आठवणी पुष्कळ आल्या आहेत. तू संगणकातली आहेस, तेव्हा शाळेत आता जे नवीन शिकवणे सुरू आहे त्यावर लिही." हे नवीन शिकवणे म्हणजे 'ब्लेंडेड लर्निंग'. मराठीत त्याला मिश्र अध्ययन म्हणतात. काही शिकणे वर्गात शिक्षकांसमोर, काही मोबाइल, टॅब किंवा पडद्यावर, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले, असा त्याचा साधा अर्थ. आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचने शाळेला डिजिटल वर्ग भेट द्यायचे ठरवले आहे, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे. मात्र यंत्राविषयी लिहिण्याआधी मी त्याचा इतिहास पाहिला. शिक्षकांच्या मदतीला म्हणून यंत्रे याआधीही पुष्कळ आली. ती का आली, कुठे टिकली आणि कुठे कपाटात गेली, हे पाहिले तर आपली वर्गणी कुठे लावायची हे ठरवणे सोपे जाईल.

पहिले यंत्र म्हणजे छापील पुस्तक. आज ते आपल्याला यंत्र वाटत नाही. पण पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, तोंडी पाढे होते, मोडीचे वळण होते आणि पुस्तक म्हणावे असे फारसे काही नव्हते. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२२ मध्ये, मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांच्यासाठी एक संस्था निघाली. तिनेच मराठीत गणिताची, व्याकरणाची पुस्तके छापून घेतली. त्यानंतर पंतोजींचे काम बदलले. पाठ असलेले सांगणे मागे पडले आणि छापलेले समजावून देणे पुढे आले. नोकरी गेली नाही, पण नव्या पुस्तकातून शिकवायचे तर आधी शिक्षकालाच नव्याने शिकावे लागले. ही गोष्ट पुढे प्रत्येक यंत्राच्या वेळी पुन्हा घडलेली दिसते.

स्वातंत्र्यानंतर हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक पोहोचू लागले. सावळघाट उतरून पेठेत आणि तिथून पाड्यांवर जे पुस्तक यायचे, तेच पुण्याच्या मुलाच्या हातात असायचे. समानतेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. पण त्या पुस्तकाची भाषा आणि आपल्याकडच्या मुलाची घरची बोली यांत अंतर होते. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतून पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी जवळजवळ दुसरी भाषाच होती. हे अंतर पुस्तकाने भरले नाही, ते गुरुजींनी भरले. डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात शाळा आणि आश्रमशाळा नेल्या. तिथल्या शिक्षकांचा निम्मा दिवस या भाषांतरातच जात असे, आणि हजेरीपटात त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

रेडिओचा धडा नाशिक जिल्ह्यातच मिळाला

मिश्र अध्ययनावर आज जे लिहिले जाते त्यात एका जुन्या प्रयोगाचे नाव क्वचितच येते. तो प्रयोग तर आपल्याच जिल्ह्यात झाला. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे निवडले होते : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावे होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ, त्यात एक निमंत्रक. कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा, मग त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न पुण्याला पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूरॅथ हे समाजशास्त्रज्ञ त्या कामाचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही होते, काहींत फक्त रेडिओ होता, आणि काहींत दोन्ही नव्हते. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी थोडी होती. दोन्ही ठिकाणी आवाज एकच, कार्यक्रम एकच. फरक होता तो ऐकल्यानंतर बसून बोलणाऱ्या माणसांचा आणि ते बोलणे चालवणाऱ्या निमंत्रकाचा.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही दोन गट करून असेच तपासतो : एका गटाला नवी सोय द्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही, मग फरक मोजायचा. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांवर हे १९५६ साली झाले होते आणि उत्तरही मिळाले होते. ते उत्तर तेव्हापासून कुणी खोटे ठरवलेले नाही.

दूरदर्शन आणि खडू-फळा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन देशातल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले गेले. 'साइट' नावाच्या या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. पण त्यातला शिक्षकांसाठीचा भाग आपल्याला उपयोगी आहे. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात दूरदर्शनवरचा पाठ होता, रेडिओ होता, छापील साहित्य होते, आणि केंद्रावर हाताने प्रयोग करून घेणारा मार्गदर्शकही होता. हे मिश्र अध्ययनच, फक्त तेव्हा हे नाव नव्हते. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि खेड्यांतले कार्यक्रमही थांबले. यंत्र उसने असेल तर ते परत जाण्याचा दिवस आधीच पाहून ठेवावा लागतो.

१९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी टीव्ही होता, त्यांना सकाळचे ते शैक्षणिक कार्यक्रम आठवत असतील. मराठी मुलांसाठी मराठीत इतके दृक्-साहित्य त्याआधी कुणी केले नव्हते. पण कार्यक्रमाची वेळ दूरदर्शन ठरवायचे आणि शाळेचे वेळापत्रक शाळा ठरवायची. गुरुजींना भूमितीचा पाठ हवा त्या दिवशी तो लागेलच असे नव्हते. पुढे निधी आटला आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. त्यात शिक्षकाला हवा तो पाठ हव्या त्या वेळी लावता येऊ लागला. बालचित्रवाणीला जी अडचण तेहतीस वर्षे सुटली नव्हती ती सुटली, पण ती सुटेपर्यंत संस्था उरली नव्हती.

मधल्या काळात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य, असा तिचा हेतू. नकाशे आले, पृथ्वीगोल आला, गणिताची आणि विज्ञानाची पेटी आली, वाद्येही आली. बऱ्याच शाळांत ही पेटी कपाटात बंद राहिली. मोडले तर भरपाई कोण देणार ही भीती होती, आणि ती वापरायची कशी हे नीट कुणी दाखवले नव्हते. या मोहिमेतली सर्वांत मोलाची वस्तू पेटी नव्हती, दुसरा शिक्षक होता. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. एका इयत्तेला सांगायचे, तेव्हा तिघींना काहीतरी लिहायला द्यायचे. आपल्याकडच्या वाड्या-पाड्यांवरचे गुरुजी हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. आज परदेशी पुस्तकांत 'वर्गाचे गट करून आळीपाळीने फिरवा' अशी मिश्र अध्ययनाची पद्धत वाचली की मला हेच वर्ग डोळ्यांसमोर येतात.

नाशिकमध्येच मोठ्यांसाठी मिश्र अध्ययनाची घडी बसली. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. पुस्तक घरी, अभ्यास आपल्या वेळेने, आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. नोकरी सांभाळून बी.एड. करणारे कितीतरी शिक्षक याच वाटेने गेले. म्हणजे आपल्या शिक्षकांपैकी अनेकांना मिश्र अध्ययन विद्यार्थी म्हणून आधीच माहीत आहे. संपर्कसत्र बुडाले की पुस्तक कसे जड होते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

पाठ घरी, अभ्यास वर्गात

२००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क या गावी जोनाथन बर्गमन आणि आरोन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करू लागले. त्यांचे बरेच विद्यार्थी स्पर्धा आणि सामन्यांसाठी लांब जात आणि त्यांचे तास बुडत. बुडालेला पाठ त्यांना मिळावा, एवढाच मूळ हेतू होता. मग त्यांच्या लक्षात आले की सर्वांनीच पाठ घरी पाहिला तर वर्गातला वेळ उदाहरणे सोडवायला मोकळा होतो. त्यातून 'फ्लिप्ड क्लासरूम' हे नाव जगभर गेले.

पेठेत तास बुडण्याचे कारण वेगळे आहे. आवणीच्या दिवसांत भातखाचरात हात लागतात. पाऊस संपला की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे आणि नाशिकच्या बांधकामांवर जातात, मूलही बरोबर जाते. बुडालेला पाठ परत मिळण्याची गरज कोलोरॅडोतल्या खेळाडूपेक्षा आपल्या मुलाला जास्त आहे. म्हणून मुद्रित पाठ ही चैन आहे असे मी म्हणणार नाही. मात्र कोलोरॅडोत पाठ त्या मुलांच्या स्वतःच्या शिक्षकांनी केले होते. ओळखीचा आवाज, ओळखीची उदाहरणे. दूरच्या स्टुडिओतला गुळगुळीत व्हिडिओ पाहून आलेल्या मुलाला पुन्हा त्याच्याच शिक्षकाकडे यावे लागते.

महाराष्ट्रात पुढच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आपणहून पुढाकार घेतला. २०१५ च्या आसपास शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते छापले जाऊ लागले. डिसे‌ंबर २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. या दोन्ही गोष्टी वरून आलेल्या आदेशाने सुरू झाल्या नव्हत्या. शिक्षकाला स्वतःच्या वर्गातली अडचण दिसली आणि त्याने यंत्र तिच्या मापाचे करून घेतले. याउलट अनेक शाळांतले संगणक कक्ष कंत्राटावर उभे राहिले. कंत्राटाची मुदत संपली, निदेशक गेले आणि संगणकांवर कापड पडले.

मार्च २०२०

मग शाळाच बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा झाली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका लागली. तिच्यात घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्यावर भर होता. 'असर' या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांत एवढी वाढ पाहून शहरात अनेकांना वाटले की प्रश्न सुटला. पण घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे यांत फरक आहे. फोन बापाच्या खिशात, बाप कामावर, आणि नेटवर्क टेकडीवर.

आपल्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात दांडवळ गावी दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' काढली. पाठ आधी मुद्रित करायचा आणि ध्वनिवर्धकावरून ऐकवायचा, मुले अंतर ठेवून समोर बसायची. सोलापुरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. आदिवासी भागांतल्या आश्रमशाळांचे शिक्षक पुस्तके घेऊन विद्यार्थ्यांच्या पाड्यांवर गेले. १९५६ च्या प्रयोगाचा निष्कर्ष इथे पुन्हा दिसला. जिथे पाठानंतर कुणी येऊन "काय समजले, सांग बरं" असे विचारले, तिथे मूल शिक्षणाशी जोडलेले राहिले. जिथे व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त दुवा आला, तिथे निळी खूण दिसली आणि पुढे काही नाही. दोन वर्षांचे मोल आकड्यांत दिसते. देशात ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के झाली.

याच काळात, जुलै २०२० मध्ये, नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्यात मिश्र अध्ययनाला अधिकृत जागा मिळाली, आणि समोरासमोरच्या शिक्षणाचे महत्त्वही त्यात मान्य केले आहे.

शिक्षकांसाठी याचा अर्थ काय

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा काढला. मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची प्रगती नुसत्या वर्गातल्यांपेक्षा चांगली आढळली. हे वाक्य जाहिरातीत सर्वत्र असते. त्याच अहवालातले पुढचे म्हणणे मात्र गळते : मिश्र पद्धतीत बहुतेक वेळा अभ्यासाचा वेळ आणि साहित्यही जास्त होते, त्यामुळे फायदा माध्यमाचा म्हणता येत नाही. शिवाय त्यातले बरेचसे विद्यार्थी शाळकरी नव्हते, मोठे होते. थोडक्यात, जास्त वेळ दिला तर जास्त शिकणे होते. तो जास्तीचा वेळ कुणाचा, हा आपला प्रश्न आहे.

तो शिक्षकांचा असतो. एका पाठासाठी आता दोन तयाऱ्या लागतात, एक फळ्यासाठी आणि एक पडद्यासाठी. दहा व्हिडिओ पाहून एक निवडायचा, कुठे थांबवायचा ते ठरवायचे, वीज गेली तर काय ते योजायचे. दुसऱ्या दिवशी कुणी पाहिला, कुणाला फोन मिळाला नाही, हे शोधून वर्गाचे दोन गट करायचे. त्यातच २०१५ पासूनच्या 'सरल' प्रणालीची माहिती भरणे आणि निरनिराळी अ‍ॅप. वेळापत्रकात या दुसऱ्या तयारीचा तास नाही. गुरुजींच्या घरच्या संध्याकाळीतून तो निघतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. व्हिडिओ किती मिनिटे चालला, हे आमचा संगणक अचूक सांगतो. तो चालू असताना मुलगी अपूर्णांकाच्या कोणत्या पायरीवर अडली, हे त्याला कळतेच असे नाही. आपल्या गणिताच्या सरांना ते पाठमोरे असतानाही कळायचे, कारण मागच्या बाकावरची कुजबुज थांबायची. तेच ते उदाहरण पन्नासदा न कंटाळता दाखवणे यंत्राला जमते आणि ते त्याने खुशाल करावे. अडलेले ओळखणे आणि मुलाला त्याच्या बोलीत पुढे नेणे हे काम शिक्षकाचेच राहते. यंत्र आल्यावर ते कमी होत नाही, फक्त तेवढेच उरते, म्हणून ते जास्त कठीण वाटते.

यात एक धोकाही आहे. १९१३ मध्येच थॉमस एडिसनने भाकीत केले होते की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुस्तके राहिली. पण अशा भाकितांचा हिशेब दर वेळी माणसांच्या संख्येवर येतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या समूह शाळेत सामावून घेण्याचा विचार राज्यात पुढे आला. आपल्या तालुक्यात अशा छोट्या शाळा पाड्यापाड्यावर आहेत, आणि पावसाळ्यात मधला ओहोळ ओलांडणे मोठ्यांनाही सोपे नसते. "पडदा आहे की, मग शिक्षक कशाला?" हे वाक्य अशा जागी सर्वांत आधी उच्चारले जाईल. त्या वेळी आपल्यापैकी प्रत्येकाला १९५६ चा निष्कर्ष तोंडपाठ असावा.

म्हणून डिजिटल वर्गाबद्दल आपल्या बॅचसमोर माझी सूचना अशी आहे. पडदा घेऊच, पण खरेदीआधी आत्ताच्या शिक्षकांना विचारू, कोणता घटक शिकवताना तुम्हाला त्याची गरज भासते. जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवू. सर्व साहित्य इंटरनेटशिवाय चालेल असे भरू आणि बॅटरी पावसाळा धरून घेऊ. काही पाठ शाळेच्याच शिक्षकांच्या आवाजात मुद्रित करू, म्हणजे द्राक्षबागेत गेलेल्या मुलाला आपल्या बाईंचा आवाज मिळेल. मुद्रणाचे आणि पुढच्या देखभालीचे काम आम्ही संगणकवाले आळीपाळीने करू, ते शिक्षकांच्या डोक्यावर टाकणार नाही. आणि मोडले तर भरपाई कुणाकडूनही मागितली जाणार नाही, हे देणगीपत्रात पहिल्याच ओळीत लिहू, म्हणजे कपाटाला कुलूप लागणार नाही.

मेळाव्याला येणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना एक विनंती आहे. या यादीत काय चुकते, काय राहिले, ते त्या दिवशी आम्हाला उभे करून सांगा. आम्ही वह्या घेऊन येऊ.